७५२ किलोमीटर जमले, ८० जमले नसते?

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,



४ जानेवारी २०२३ला राज्याच्या तिन्ही सरकारी वीज कंपन्यांचे कर्मचारी संपावर गेले आणि त्याच दिवशी सरकारने शब्द दिला: खासगीकरण होणार नाही, उलट तीन वर्षांत ५०,००० कोटी गुंतवू. संप मिटला. त्यांतली पारेषण कंपनी, महापारेषण, कुणाला विकली नाही, हे मान्य करायलाच हवं. विहीर जागेवर आहे, झरे तेवढे वळवलेत.

मी बोर्डातला माणूस. उपकेंद्रात ऑपरेटर म्हणून लागलो तेव्हा राज्य विद्युत मंडळ अखंड होतं. रात्रपाळीत दर तासाला लॉगशीट भरायची आणि टॉर्च मारून ट्रान्सफॉर्मरच्या ब्रीदरमधलं सिलिका जेल बघायचं. निळं असलं तर ठीक, गुलाबी पडलं म्हणजे ओल शिरली. १९६०च्या त्या मंडळात दाभोळ वीजप्रकल्पाच्या वाटेने किती ओल शिरली, ते आपल्याला मी काय सांगणार! ६ जून २००५ला मंडळाचे चार तुकडे झाले. मनोरे आणि तारा महापारेषणच्या वाट्याला आल्या. या कंपनीची आज ७००हून अधिक उपकेंद्रं आहेत आणि राज्याची पारेषण गळती ३ टक्क्यांच्या आसपास आहे. सरकारी कारभार म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हा आकडा एकदा वाचावा.

आता मूळ दुखणं. १९९९ साली याच मंडळाची चंद्रपूर-पडघे एचव्हीडीसी (उच्चदाब एकदिश प्रवाहाची) वाहिनी सुरू झाली. लांबी ७५२ किलोमीटर, दाब ५०० किलोव्होल्ट, क्षमता १,५०० मेगावॅट. २०२१ साली मुंबईसाठी दुसऱ्या एचव्हीडीसीला परवाना मिळाला, कुडूस ते आरे. लांबी ८० किलोमीटर, क्षमता १,००० मेगावॅट, खर्च सुमारे ७,००० कोटी. मिळाली अदानी समूहाला, तीही बोली न मागवता. तंत्र नवं आहे, निम्म्याहून जास्त केबल जमिनीखालून जाते, हे मला कळतं. पण पडघे भिवंडी तालुक्यात आणि कुडूस शेजारच्या वाडा तालुक्यात. पडघ्याला ज्यांनी वीस वर्षं ही यंत्रणा सांभाळली, त्यांना कुणी फोन तरी केला होता का?

टाटांनी या कामाला न्यायालयात आव्हान दिलं. नोव्हेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. बोली सक्तीची नाही म्हणाले. शिरसावंद्य. पण मग खारघर-विक्रोळीच्या ४०० केव्ही कामाला बोली कशाला लावली होती? तेही त्याच समूहाकडे गेलं आणि ऑक्टोबर २०२३मध्ये सुरू झालं. बोली लावा, नका लावू, काम कुठे जातं ते आता उपकेंद्राच्या गेटवरचा वॉचमनही सांगेल.

१२ ऑक्टोबर २०२० आठवतोय. कळव्याकडे येणाऱ्या लाइनी एकामागून एक गेल्या आणि सकाळी दहाच्या सुमारास मुंबई अंधारात गेली, लोकल जागीच थांबल्या. आमच्या खात्याची ती नाचक्की होती, त्यावर पांघरूण घालत नाही. वर तेव्हाच्या ऊर्जामंत्र्यांनी घातपाताची शंका काढली, पुढे चिनी हॅकरांचीही चर्चा झाली आणि शेवटी दिल्लीने मानवी चूक म्हटलं. चूक असेल तर चूक करणाऱ्याला धरा. कंपनीच्या हातून कामं का काढता?

आणि पैसे कोण भरतं? राज्यभरच्या पारेषणाचा खर्च एकत्र धरून सगळ्या वितरण कंपन्यांवर वाटला जातो, त्यात सर्वांत मोठा वाटा महावितरणचा. म्हणजे ज्या चंद्रपुरातून मुंबईकडे वीज जाते, तिथला ग्राहकही आरेच्या केबलचे पैसे आपल्या बिलातून भरणार. तेव्हा त्या ५०,००० कोटींतले महापारेषणच्या कोणत्या लाइनीवर, कोणत्या उपकेंद्रावर किती खर्च झाले, एवढी यादी जाहीर करा. फार मोठी नसावी, एका पानावर मावेल.

आपला,
एक निवृत्त ऑपरेटर