यंत्रासाठी लिहिलेले आदेश

संगणकीय सेवांबरोबर येणारी माहितीपत्रके आजवर माणसांसाठी लिहिली जात. ती अपुरी असली तरी फारसे बिघडत नसे. वाचणारा तंत्रज्ञ अनुभवाने उणीव भरून काढी, सहकाऱ्याला विचारी किंवा काम उद्यावर टाकी. आता या पत्रकांना निराळा वाचक मिळाला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे एजंट धन्याच्या एखाद्या वाक्यावरून साधन निवडतात आणि तत्काळ चालवतात. अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या खुल्या संकेतप्रणालीनुसार प्रत्येक साधनाला नाव, वर्णन आणि त्याला पुरवायच्या माहितीचा साचा जोडलेला असतो. एजंटाला साधनाची ओळख होते ती मुख्यतः एवढ्यावरूनच. साहजिकच हे वर्णन लिहिणाऱ्याची जबाबदारी वाढली आहे. तिची जाणीव मात्र त्या प्रमाणात वाढलेली दिसत नाही.

‘वेबहुक’ उभारून देणाऱ्या साधनाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. हा शब्द २००७ मध्ये जेफ लिंडसे यांनी प्रचारात आणला. त्यामागील कल्पना कचेरीत काम केलेल्या कोणालाही सहज समजेल. नोंदवहीत नवी नोंद झाली का, हे पाहण्यासाठी दर तासाला खेप घालण्याऐवजी ‘नोंद होताच तिची प्रत अमुक पत्त्यावर पाठवावी’ असा स्थायी आदेश देऊन ठेवणे, म्हणजे वेबहुक. गिटहबवर कोणी प्रोग्रॅममधील बदल जमा केला किंवा स्ट्राइपमार्फत एखादे देयक चुकते झाले, की ती सेवा ठरलेल्या पत्त्यावर आपण होऊन निरोप धाडते. यातील सोय निर्विवाद आहे. परंतु एखादे पत्र चुकीच्या पत्त्यावर गेले तर हानी त्या पत्रापुरतीच असते. स्थायी आदेशच चुकला तर तो देणारा विसरून गेला तरी प्रती जातच राहतात.

अशा साधनाचे वर्णन ‘वेबहुक तयार करते’ एवढ्या तीन शब्दांत उरकणे म्हणजे नवख्या कारकुनाच्या हाती कोरा सहीचा कागद देणे होय. गिटहबच्या व्यवस्थेत कोणत्या घटनांची वर्दी हवी हे सांगितले नाही, तर केवळ ‘पुश’ ही एकच घटना गृहीत धरली जाते. निरोप खरा की बनावट हे पडताळण्यासाठी लागणारा गुप्त शब्द देणे ऐच्छिक आहे. पलीकडच्या संगणकाचे प्रमाणपत्र तपासू नये, अशी मुभाही तेथे आहे. जाणता माणूस ती मुभा सहसा घेणार नाही. अडथळा दूर करून काम पुरे करण्याच्या भरात एजंट ती घेऊ शकेल. शिवाय, साधन चालवल्यावर उत्तर वाटेतच हरवले आणि एजंटाने पुन्हा प्रयत्न केला, तर सेवेने न अडवल्यास एकाच आदेशाच्या दोन नोंदी होतात.

आजची प्रारूपे इतकी बहुश्रुत आहेत की त्यांना हे सारे सांगावे लागत नाही, असा युक्तिवाद केला जातो. लांबलचक वर्णनांचा एजंटावर भार पडतो, हा दुसरा आक्षेप. दुसऱ्यात तथ्य आहे. पहिला टिकणारा नाही. न पोचलेला निरोप गिटहब आपण होऊन पुन्हा पाठवत नाही. स्ट्राइप मात्र प्रत्यक्ष व्यवहारांत ३ दिवसांपर्यंत प्रयत्न करत राहते. सर्वसाधारण ज्ञानावर विसंबणारा एजंट या दोहोंपैकी एका ठिकाणी फसणारच. हा भेद सांगायला एक वाक्य पुरते. आदेश स्थायी आहे, प्रत बाहेरच्या पत्त्यावर जाते, आधी अस्तित्वात असलेल्या आदेशांची यादी पाहावी, गुप्त शब्द संभाषणात उच्चारू नये, पत्ता धन्याने दिलेला नसेल तर विचारावे आणि आदेश रद्द कसा करावा, एवढे सांगायला सहा वाक्ये पुष्कळ झाली.

तथापि उत्तम वर्णन लिहिले की सर्व साधले, असेही समजू नये. वर्णन हे शब्दच असतात आणि शब्द खोटे असू शकतात. साधनाच्या वर्णनात दडवलेल्या सूचनांनी एजंटाची दिशाभूल करता येते, हे ‘इन्व्हेरियंट लॅब्ज’ने एप्रिल २०२५ मध्ये दाखवून दिले. साधन केवळ वाचते की काही नष्टही करते, याची खूण करण्याची सोय प्रोटोकॉलच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीत आली. पण भरवशाच्या नसलेल्या स्रोताकडून आलेल्या अशा खुणांवर विश्वास ठेवू नये, असेही तेथे बजावलेले आहे. म्हणून नव्या पत्त्याला मंजुरी देण्याचा अधिकार माणसाकडेच राहिला पाहिजे, आणि ते बंधन वर्णनाच्या जोडीला यंत्रणेतही असले पाहिजे.

मोघम हुकमावर अडून बसणारा आणि वरिष्ठांकडे खुलासा मागणारा कारकून पुष्कळांना त्रासदायक वाटतो. पण अनेक कचेऱ्यांची अब्रू त्यानेच राखली आहे. एजंट असा अडून बसेलच याची हमी नाही. तेव्हा जो प्रश्न त्या कारकुनाने विचारला असता, त्याचे उत्तर हुकूम लिहिणाऱ्यानेच आधी देऊन ठेवले पाहिजे.