सपाट करायची घाई

परवा फोनवर आत्याने विचारलं, "अगं, रात्री अकरा वाजता ऑफिसात कसली स्क्रिप्ट चालवतेस? नाटकाची का?" :-)

तर आत्या, तुझ्यासाठी आणि नेहमीच्या वाचकांसाठी हे थोडं सविस्तर.

चिपचा नकाशा, म्हणजे लेआउट, आम्ही सगळा हाताने काढत नाही. मेमरीचा एक बिट साठवणारा सेल एकदाच काढायचा आणि ठशासारखा उमटवत जायचा. ठशांचा गट, त्या गटांचा आणखी मोठा गट, अशी उतरंड रचली जाते. सेलमध्ये ४० आकृत्या धरल्या आणि १०२४ रांगा, १०२४ स्तंभ केले, तरी फाइलमध्ये त्या ४० आकृत्या आणि 'इतक्या वेळा उमटव' ही एकच नोंद पुरते. १९७० च्या दशकात आलेल्या जीडीएस-टू फाइलची ही सोय आजही वापरात आहे.

'फ्लॅटन' करणं म्हणजे ही उतरंड मोडून सगळ्या आकृत्या एकाच पातळीवर आणणं. वरच्याच उदाहरणात त्या होतात ४ कोटी १९ लाख!

माझी स्क्रिप्ट के-लेआउट या मोफत सॉफ्टवेअरवर, पायथनमध्ये होती. ती एक सेल उकलायची, मग पुन्हा वरून विचारायची, आता काय उरलं? बदलानंतर असं काही वाचायला गेलं की सॉफ्टवेअर सेलच्या सीमा आणि उतरंडीचा हिशेब नव्याने मांडतं. लाख वेळा बदल, लाख वेळा हिशेब. उपाय तसा साधा निघाला. आधी सगळं वाचून यादी करायची, मग 'स्टार्ट चेंजेस' सांगून सगळे बदल एकदम करायचे आणि शेवटी 'एंड चेंजेस'. रात्रभराचं काम चहा पिऊन होईपर्यंत संपलं. मी खूश!

दुसऱ्या दिवशी मूळ सेलमध्येच एका काँटॅक्टची चूक सापडली. उतरंड असती तर एका जागी दुरुस्ती करून सुटले असते. पण सपाट फाइलवर टीमने दिवसभर इतर बदल केले होते. उतरंडीची जुनी प्रत होती, त्यात ते बदल नव्हते. सगळं परत करण्यात दोन दिवस गेले, आणि फाइल पाठवायची तारीख तोंडावर. कुणी मला बोललं नाही, पण मला कळायचं ते कळलं.

माझं मत आता असं झालंय की स्क्रिप्ट वेगवान करण्याआधी सपाट करायचंच कशाला, हे विचारावं. मला खरं तर एका लेयरचं, एका चौकटीतलं क्षेत्रफळच हवं होतं! त्यासाठी उतरंड न मोडता आतल्या आकृत्यांवरून फिरता येतं, के-लेआउटमध्ये तशी सोय आहे. कधीकधी मोडावं लागतंच, म्हणजे शंभरातला एकच सेल वेगळा करायचा असेल तेव्हा. मग तेवढाच मोडावा, एकच पातळी मोडावी, आणि तोही प्रतीवर.

माझी स्क्रिप्ट संथ होती तोवर निदान ती चालवण्याआधी मी दोनदा विचार करायचे. वेग आला आणि तो विचारही गेला. तुमच्या कामात असं कधी झालंय का? प्रतिक्रियांमध्ये जरूर लिहा.

असो. आत्या, आज आठलाच घरी आलेय.