पहिल्या पानाचा संपादक कोण?

मा. संपादक,


2 सप्टेंबर 2025 ला हैदराबाद गॅझेटमधल्या नोंदींवरून पात्र मराठ्यांना कुणबी दाखले देण्याबाबतचा शासन निर्णय निघाला, तेव्हा शेजारचे एक शेतकरी माझ्या ओसरीवर आले. कुणबी दाखल्यासाठी आता कुणाकडे जायचं, एवढंच त्यांना हवं होतं. मोबाइलवर शोधलं, तर वरपासून व्हिडिओच व्हिडिओ. कुणी सांगत होतं सगळं मिळालं, कुणी सांगत होतं समाजाला फसवलं. बराच वेळ बोटानं सारत गेल्यावर मूळ आदेश सापडला. त्यात उत्तर होतं: ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांची गावपातळीवरची समिती. पण तोवर "काही खरं नाही" म्हणत ते उठून गेले होते.

आमच्या अंबड तालुक्यात ही गोष्ट किरकोळ नाही. अंतरवाली सराटी आणि वडीगोद्री जवळजवळची गावं. एकीकडे मराठा आरक्षणाचं उपोषण झालं, दुसरीकडे ओबीसींचं. दोन्हीकडची माणसं एकाच आठवडी बाजारात भेटतात. अंतरवाली सराटीतल्या 1 सप्टेंबर 2023 च्या लाठीमाराबद्दल एक जण शोधतो "पोलिसांनी का मारलं", दुसरा शोधतो "दगडफेक कुणी केली". दोघांपुढे येणारी यादी वेगळी, आणि आपण पाहिलं तेवढंच घडलं, अशी दोघांचीही खात्री.

शोधयंत्राला ना जात ना पक्ष, असं म्हणतात. मला ते पटत नाही. कोणत्या मजकुराकडे किती दुवे येतात, तो किती ताजा आहे, विचारणाऱ्याचे शब्द त्यात आहेत का, यातल्या कशाला किती वजन द्यायचं हे माणसांनीच ठरवलेलं असतं. शासन निर्णयाचा मथळा "कार्यपद्धती विहित करणेबाबत" अशा थाटाचा. शेतकरी विचारतो "दाखला कुठं मिळेल". शब्द जुळत नाहीत, आदेश तळाला जातो.

2014 च्या लोकसभा निवडणुकीत रॉबर्ट एपस्टीन आणि रोनाल्ड रॉबर्टसन या संशोधकांनी भारतातल्या दोन हजारांहून जास्त कुंपणावरच्या मतदारांना मुद्दाम एका उमेदवाराकडे झुकवलेला शोधक्रम दाखवला. असा क्रम अशा मतदारांचा कल 20 टक्के किंवा त्याहून अधिक हलवू शकतो, हा त्यांचा 2015 चा निष्कर्ष. झुकाव बहुतेकांच्या लक्षातही आला नव्हता. विधानसभेच्या कित्येक जागा याहून कितीतरी कमी फरकानं जातात.

शोधनिकालांतल्या पक्षपाताबद्दल भारतीय स्पर्धा आयोगानं 2018 मध्ये गुगलला 135 कोटी 86 लाखांचा दंड केला. म्हणजे धंद्याच्या बाबतीत क्रमाचा जाब विचारता येतो. मग मताच्या बाबतीत का नाही? युरोपच्या डिजिटल सेवा कायद्यानं मोठ्या शोधयंत्रांना निवडणूक आणि सार्वजनिक चर्चेवरचे धोके तपासायला भाग पाडलं आहे. आपल्याकडे तक्रार अधिकारी असतो, पण "हे वर का आणि ते खाली का" याचं उत्तर देण्याचं बंधन त्याच्यावर नाही. तुमच्या अंकावर मात्र मुद्रक, प्रकाशक आणि संपादकाचं नाव कायद्यानं छापावं लागतं. चुकलात तर मी तुम्हाला पत्र लिहू शकतो, जसं आज लिहितो आहे.

तेव्हा शोधयंत्रांना आपल्या क्रमाचा जाब द्यायला लावणारा कायदा केंद्रानं करावा. आणि राज्य सरकारनं तोवर थांबू नये: प्रत्येक शासन निर्णयासोबत लोक विचारतात त्या शब्दांत एक पानाचा मराठी खुलासा संकेतस्थळावर टाकावा. आमच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तो लावायला मी स्वतः जाईन.

– एक निवृत्त शिक्षक, अंबड (जि. जालना)