सिलतऱ्याच्या नफ्यातून संशोधकांचे तिकीट

रायपूरहून बिलासपूरकडे निघाले की सिलतरा लागते. स्पंज आयर्न आणि पोलादाच्या या औद्योगिक वसाहतीचा ‘संगणकीय सर्जनशीलते’शी संबंध जोडणे ओढूनताणून केल्यासारखे वाटेल. यंत्र चित्र काढते, चाल बांधते, गोष्ट रचते, तेव्हा त्यात नवे काय आणि ते जोखायचे कसे, याचा शोध घेणारी ही विद्याशाखा. तिची आंतरराष्ट्रीय परिषद २०१० मध्ये लिस्बनला सुरू झाली. २०२४ मध्ये ती स्वीडनमध्ये, तर २०२५ मध्ये ब्राझीलमध्ये भरली.

या प्रश्नाला भारत परका नाही. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात गिफ्ट आणि राणी सिरोमणी यांनी १९७० च्या दशकातच कोलमच्या रेषांमागचे गणिती व्याकरण मांडले होते. छत्तीसगडपाशीही असे धन आहे. बस्तरचे घडवा कारागीर ढोकरा मूर्ती ओततात तेव्हा मातीचा साचा दरवेळी फोडावा लागतो. तंतोतंत दुसरी मूर्ती निघतच नाही. परंपरेने बांधलेल्या घाटात नवेपणा नेमका कुठून येतो, हा प्रश्न रायपूरचा विद्यार्थी जितक्या जवळून मांडू शकेल, तितका युरोपातील प्रयोगशाळा क्वचितच मांडू शकेल.

अडते ते पैशापाशी. संगणकशास्त्रात परिषदेतील निबंधाला नियतकालिकातील लेखाइतके वजन असते. तो स्वीकारला गेला, तरी सहसा एका लेखकाने शुल्क भरून मांडावा लागतो. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये आहे. पंतप्रधान संशोधन शिष्यवृत्तीधारकास वर्षाला दोन लाखांचे अनुदान मिळते, पण ते भाग्य मोजक्यांचे. इतरत्र मदत मिळालीच तर बहुधा परतल्यावर, पावत्या जोडून. थोडक्यात, ज्याला उसने देणारे कोणी आहे, तोच जातो.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांनी गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्चायचे असतात, आणि तेही स्थानिक परिसराला प्राधान्य देऊन. २०१९ च्या दुरुस्तीने सरकारी निधीवर चालणाऱ्या संस्थांतील, शाश्वत विकासाला पूरक संशोधनालाही ही दारे उघडली. रायपूरची एनआयटी, भिलाईची आयआयटी अशा संस्था सिलतऱ्यापासून दूर नाहीत. सरासरी दहा कोटी नफ्याच्या एका कारखान्याची वार्षिक जबाबदारी २० लाखांची होते. पाच-सहा कारखान्यांनी तिचा लहानसा हिस्सा या संस्थांच्या संशोधन निधीत एकत्र दिला, तरी दरवर्षी काही विद्यार्थी जाऊ शकतील. निवड मात्र प्राध्यापकांनीच करावी, कंपनीने नव्हे.

ज्या गावांच्या छपरांवर कारखान्यांची काळी धूळ बसते, त्यांच्यासमोर ब्राझीलच्या तिकिटाची भाषा कशी करावी, हा आक्षेप रास्त आहे. पण धूळ रोखणे हे कारखान्याचे कायदेशीर कर्तव्य. त्याचा खर्च सामाजिक निधीत दाखवणे म्हणजे गावकऱ्यांचीच फसवणूक. त्या निधीवर पहिला हक्क गावच्या दवाखान्याचा आणि शाळेचा, हे मान्य करूनही संशोधनासाठी थोडी रक्कम उरते.

रक्कम आगाऊ मिळावी, ही अट महत्त्वाची. निबंध स्वीकारल्याचे कळते तेव्हा परिषदेला अनेकदा जेमतेम दोन-तीन महिने उरलेले असतात आणि व्हिसाही त्यातच काढायचा असतो.