झुंजार म्हातारा झालेला नाही

बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद, नारायण धारपांचे समर्थ. मराठी वाचकाच्या दोन-तीन पिढ्या या मंडळींनी जागवल्या. त्यांना पडद्यावर आणावे, तेही एकेका चित्रपटापुरते नको, मालिका म्हणून आणावे, असा विषय काढला की तीन आक्षेप हमखास येतात. हे साहित्य हलके; त्यावर पैसा का घालायचा? या नायकांचा काळ सरला; आज ते काय करणार? आणि जे हॉलिवूडला पेलले नाही ते मराठीला कसे पेलणार? आक्षेप घेणारे समंजस असतात, म्हणून त्यांना नीट उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप हलकेपणाचा. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. पुढे गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा टप्पा ओलांडला. एवढे लेखन एका तोलाचे असणे शक्यच नव्हते आणि ते तसे नाहीही. पण भाड्याने पुस्तके देणाऱ्या एखाद्या वाचनालयातली जुनी प्रत हातात घेऊन बघा. स्वस्त, पिवळा पडलेला कागद, पाठीवर सुईदोऱ्याचे टाके, कव्हरला आतून खाकी कागदाची पट्टी, शेवटचे पान सुटू नये म्हणून खळीने चिकटवलेले. टाकाऊ वस्तूची एवढी डागडुजी कोणी करत नाही. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव या रेल्वेच्या वाटेवर आणि चिखली-मेहकरच्या एसटी स्टँडवर ज्यांनी ही पुस्तके वाचली, त्यांच्यातल्या अनेकांना वाचनाची गोडी इथेच लागली. पुढे ते खांडेकरांकडे गेले, नेमाड्यांकडे गेले. पण वाट या दारातूनच होती.

शिवाय पडद्याने याचा निकाल आधीच दिला आहे. शिरवळकरांची ‘दुनियादारी’ 2013 साली पडद्यावर आली आणि तुफान चालली. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’चे बीज धारपांच्या कथेत आहे. 2018 साली थोडक्यात गुंडाळला गेलेला तो चित्रपट 2024 साली पुन्हा लागला, तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमवला. ज्यांना समीक्षेने दारात उभे केले नाही, त्यांच्याच गोष्टींसाठी प्रेक्षक पुन्हा तिकीट काढतो. अभिजात कादंबऱ्यांवर चित्रपट जरूर व्हावेत; त्यासाठी झुंजारला घरी बसवण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप काळाचा. मोबाइल आणि सीसीटीव्हीच्या जमान्यात साहसाला जागा कुठे, असे विचारणाऱ्यांनी एकदा बुलढाणा जिल्ह्याच्या अलीकडच्या बातम्या चाळाव्यात. 2017 साली आदित्य सरपोतदार यांचा ‘फास्टर फेणे’ आला. अमेय वाघने रंगवलेला बनेश फेणे त्यात परीक्षेतल्या गैरव्यवहाराच्या टोळीमागे लागतो. काहींना तो विषय ओढूनताणून आणलेला वाटला. मार्च 2023 मध्ये बारावीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेची पाने आमच्या सिंदखेडराजा तालुक्यातून परीक्षा सुरू होण्याआधीच मोबाइलवर फिरू लागली, आणि प्रकरण थेट विधानसभेत गाजले. बनेशचा शत्रू जिजाऊंच्या जन्मगावाच्या परिसरात हजर होता. बनेश तेवढा नव्हता.

2024 च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या काही गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. आधी डोके खाजते, मग केस हातात येतात आणि काही दिवसांत टक्कल. गावोगाव भीती पसरली, मुलामुलींच्या लग्नाच्या बोलण्यांवर सावट आले. सरकारी पथके आली. त्याच वेळी महाडहून डॉ. हिंमतराव बावस्कर आले. विंचूदंशावरील उपचारासाठी जगभर नाव असलेला हा डॉक्टर स्वतःहून आला, रुग्णांचे रक्त, लघवी, केस आणि घरातला रेशनचा गहू तपासायला पाठवला, आणि गव्हातल्या सेलेनियमच्या भरमसाट प्रमाणाकडे बोट दाखवून मोकळा झाला. संशय पाण्यावर असताना पोत्यात हात घालायचे ज्याला सुचते, त्याला रहस्यकथेत नायक म्हणतात. लोकेशन मोबाइल सांगेल. दार ठोठावण्याची हिंमत मोबाइल देत नाही. नायकाचे काम तिथे सुरू होते, आणि ते काम आज वाढले आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो वरवर सर्वांत भक्कम दिसतो. एडगर राइस बरोज यांचा साहसनायक जॉन कार्टर 1912 साली जन्मला. शंभर वर्षांनी डिस्नेने त्याच्यावर पाण्यासारखा पैसा ओतला आणि सुमारे 20 कोटी डॉलरचा तोटा जाहीर करण्याची वेळ आली. पुढच्याच वर्षी ‘द लोन रेंजर’ आपटला. पण ते बुडाले कशाने? देखाव्याचा डोंगर एवढा झाला की त्याखाली माणूस दिसेना. हे उदाहरण मराठीच्या विरोधात जात नाही, उलट मराठीला सावध करते: आधी माणूस उभा करा.

आणि आदर्श शोधायचाच तर लॉस एंजेलिसऐवजी कोलकात्याकडे बघावे. सत्यजित राय यांनी 1965 साली गुप्तहेर फेलूदाला जन्म दिला, 1974 साली ‘सोनार केल्ला’ काढला आणि 1979 साली ‘जय बाबा फेलुनाथ’. शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश 1932 पासूनचा; तो आजही नव्या नव्या नटांच्या रूपाने येतो. सुनील गंगोपाध्याय यांच्या काकाबाबूला श्रीजित मुखर्जींनी 2013 पासून तीनदा पडद्यावर आणले. बंगाली चित्रपटाची तिजोरी हॉलिवूडची नाही. त्यांनी आपल्या नायकाला घरचा माणूस मानले आणि पुन्हा पुन्हा बोलावले. आपण फास्टर फेणेला एकदा बोलावले, जेवू घातले आणि निरोप दिला. त्या चित्रपटात भागवतांच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर होते. लेखक आणि त्याचा मानसपुत्र समोरासमोर आणण्याइतकी प्रेमळ कल्पना ज्यांना सुचली, त्यांच्या हातून मालिका उभी राहायला हवी होती.

एक चौथा आक्षेप मात्र मला मान्य आहे. या जुन्या पुस्तकांत बाई बहुधा सुटका होण्यासाठी असते, आणि खलनायकाची जातकुळी, रंग, धर्म यांबद्दलचे त्या काळचे पूर्वग्रह जागोजाग सापडतात. ते जसेच्या तसे पडद्यावर आणणे चूकच ठरेल. पण त्यावर उपाय गाडून टाकणे हा नाही, नव्याने लिहिणे हा आहे. ज्या बुलढाण्यात ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून अवघ्या पुरुषी ढोंगाला जाब विचारला, तिथल्या मुलीला झुंजारच्या बरोबरीने घोड्यावर, गाडीवर आणि अग्रभागी बसण्याचा हक्क आहे.

मग करायचे काय? पहिले, नायकाचा स्वभाव तसाच राखावा. झुंजारने कायद्याची चौकट ओलांडली ती दुर्बळासाठी. फेणे किडकिडीत असूनही पुढे होतो तो कुतूहलापोटी. हे काढून त्यांना नुसते पिळदार दंड दिले तर ते कोणाचेच राहणार नाहीत. दुसरे, त्यांना मुंबई-पुण्याबाहेर काढावे. आमच्याकडचेच बघा: लोणारचे विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद, उल्केच्या आघाताने बेसाल्टमध्ये पडलेले. काठावरून झाडीतून उतरत गेले की पडकी देवळे, खाली कमळजा देवी, आणि खारट पाणी. जून 2020 मध्ये ते पाणी गुलाबी झाले आणि शास्त्रज्ञांना त्यात मीठ आवडणारे सूक्ष्मजीव सापडले. टिपेश्वरहून निघालेला एक वाघ 2019 मध्ये शेकडो कोस तुडवत आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन पोहोचला. यातल्या कशासाठीही सेट उभारावा लागत नाही. तिसरे, पहिला भाग बेताच्या खर्चात काढावा, लेखकांचा एकच चमू पुढच्या तीन भागांसाठी बांधून घ्यावा, वारसांशी हक्कांचा व्यवहार स्वच्छ करावा आणि प्रदर्शनाला उन्हाळ्याची सुटी धरावी. पोरे मोकळी असतात ती तेव्हाच.

हे सगळे मनोरंजनापुरते नाही. पेपर फुटतो, धान्यात विष निघते, आणि गावातला पोरगा किंवा पोरगी ‘आपल्याला काय करायचे’ म्हणून गप्प बसते. या सवयीवर साहसकथेइतका गुणकारी उतारा दुसरा नाही. ती सांगते की शोध घेणे हे सामान्य माणसाचे काम आहे. अर्नाळकर आणि भागवतांनी ही शिकवण स्वस्त कागदावर घरोघरी पोहोचवली. चित्रपटवाल्यांनी तीच आता पडद्यावरून पोहोचवावी, आणि पहिला खेळ आमच्या खामगावात लावावा. ज्या वाचकांनी हे नायक जगवले, तो मान त्यांचा आहे.