पंच नीडलचा छंद : फायदा नेमका कोणाचा?

‘घरबसल्या कमवा’ ही हाक आपल्याकडे नवी नाही. कधी ती पापड-लोणच्यांसाठी होती, कधी शिलाई मशीनसाठी, कधी मेणबत्त्यांसाठी. गेल्या काही वर्षांपासून ही हाक ‘पंच नीडल’ आणि ‘रग हुकिंग’ या नावांनी ऐकू येऊ लागली आहे. एक पोकळ सुई, लोकरीचे दोन-चार गुंडे, ताणून बसवलेले कापड आणि त्यावर छापलेले फूल असा संच घ्यायचा, दोन दिवसांचा वर्ग करायचा आणि उशांचे अभ्रे, भिंतीवरची चित्रे, पायपुसणी तयार करून विकायची, असा हा बेत असतो. छंद सुंदर आहे, यात वाद नाही. पण छंद म्हणून सुई हातात घेणे वेगळे आणि तिच्या भरवशावर घरखर्चाचा हिशोब मांडणे वेगळे. या दोन गोष्टींची गल्लत होऊ नये, म्हणून व्यापाराच्या या पानावर आम्ही हा विषय घेत आहोत.

काम कसे चालते?

रग हुकिंगमध्ये कापड चौकटीवर ताणतात. वरून क्रोशासारखी आकडी कापडाच्या विणीतून खाली घालायची आणि खाली धरलेली लोकर किंवा कापडाची पट्टी फास करून वर ओढायची. पंच नीडलमध्ये हेच उलट्या बाजूने होते. पोकळ सुईतून लोकर ओवलेली असते. कापडाच्या पाठीमागून सुई टोचली की पुढच्या बाजूला फास उभा राहतो. काम पाठीमागून होत असल्याने चित्र आरशातल्यासारखे उलटे उतरवावे लागते. अक्षरे काढताना नवशिक्यांची फसगत होते ती इथेच.

दोन्ही प्रकारांत गाठ नसते. भदोही-मिर्झापूरच्या हातविणीच्या गालिच्यात एकेक गाठ बांधलेली असते, इथे फास केवळ कापडाच्या घट्ट विणीमुळे जागेवर राहतो. म्हणूनच हे काम लवकर शिकता येते आणि चुकले तर धागा ओढून पुन्हा करता येते. परंतु कापड चुकीचे निवडले किंवा चौकटीवर सैल बसवले, तर मेहनत वाया जाते.

ज्यांनी आरीकाम पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. मुंबईच्या कारखान्यांत अड्ड्यावर ताणलेल्या कापडातून आरीच्या टोकाने खालचा धागा वर ओढणारा कारागीर आणि आकडीने लोकर वर ओढणारी परदेशी गृहिणी, यांच्या हातांची हालचाल एकाच घराण्यातली आहे.

बंगालचा ताग, अमेरिकेचा गालिचा

या छंदाचे मूळ शोधू गेले तर हिंदुस्थानचाही धागा सापडतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बंगालच्या तागाचे गोणपाट जगभर पोहोचू लागले. धान्य-साखरेची रिकामी पोती अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडाच्या किनाऱ्यावर घरोघरी साठू लागली. तिथल्या कोळ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या बायकांनी पोते उसवून चौकटीवर ताणले, जुन्या कपड्यांच्या पट्ट्या कापल्या आणि थंडगार फरशीवर घालायला गालिचे केले. आपल्याकडे जुन्या लुगड्यांची गोधडी होते, तसेच हे. पैशाचा यात प्रश्नच नव्हता. गरज होती, आणि गरजेतून आलेली कला होती.

पैसा आला तो नंतर, आणि तो कोणाकडे गेला हे पाहण्यासारखे आहे. मेन राज्यातील बिडफर्ड गावचा एडवर्ड सँड्स फ्रॉस्ट हा पत्र्याच्या वस्तू विकणारा फेरीवाला. १८६८ च्या सुमारास त्याने पत्नीला गालिचा भरताना पाहिले आणि तिच्यासाठी चांगली आकडी आणि नक्षी तयार केली. शेजारणींनी मागणी केली तेव्हा त्याने पत्र्याचे छापे कापले आणि गोणपाटावर नक्षी छापून गावोगाव विकली. १८७६ मध्ये त्याने हा चालता धंदा दुसऱ्याला विकला. पुढे १८८० च्या दशकात ओहायोतील टोलेडोच्या एबेनेझर रॉस याने फास टोचण्याचे हातयंत्र बाजारात आणले आणि त्याच्या जोडीने छापील नक्ष्याही विकल्या. गालिचे बायकांनी भरले, पण धंदा उभा राहिला तो नक्षी आणि अवजार विकणाऱ्यांचा. आजचे संच विकणारे याच वाटेने चालले आहेत. त्यात गैर काही नाही. मात्र, घेणाऱ्याने आपण या व्यवहारात ग्राहक आहोत की व्यापारी, हे ओळखले पाहिजे.

दोन अनुभव

कोणी म्हणेल, संघटित पद्धतीने केले तर हातकामातून संसार चालत नाही काय? चालतो. त्याची दोन उदाहरणे कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच सापडतात, आणि दोन्ही आपल्या उपयोगाची आहेत.

पहिले लॅब्रडॉर आणि न्यूफाउंडलंडचे. विल्फ्रेड ग्रेनफेल हे इंग्रज डॉक्टर १८९२ मध्ये तिथल्या गरीब कोळ्यांची सेवा करण्यासाठी गेले. १९०६ मध्ये जेसी ल्यूथर या अमेरिकन शिक्षिका त्यांच्या मदतीला आल्या आणि त्यांनी हस्तोद्योगाला शिस्त लावली. गोणपाटावर छापलेली नक्षी आणि कच्चा माल गावोगाव पोहोचवायचा, तयार माल तपासून घ्यायचा आणि शहरांत विकायचा, अशी व्यवस्था उभी राहिली. नक्षी तिथल्याच जीवनातली होती : कुत्र्यांच्या गाड्या, ध्रुवीय अस्वले, बदके, जहाजे. फाटलेले रेशमी पायमोजे फेकू नका, आम्हाला पाठवा, असे आवाहन अमेरिकेतील स्त्रियांना केले गेले. त्या मोज्यांच्या रंगवलेल्या पट्ट्यांतून इतके बारीक काम होई की एका चौरस इंचात सुमारे २०० फास बसत. १९२० च्या दशकाच्या अखेरीस हा धंदा भरात होता. पुढे मंदी आली, मग युद्ध आले आणि तो ओसरला. आज हे जुने गालिचे लिलावात हजारो डॉलरला विकले जातात. पण मालावर चिठ्ठी असे संस्थेची, भरणाऱ्या बाईचे नाव बहुधा कुठेच नसे. वाढलेल्या किमतीचा लाभ तिच्या नातवंडांना नाही, संग्राहकांना मिळतो.

दुसरे उदाहरण केप ब्रेटन बेटावरील शेटिकँप या फ्रेंचभाषक कोळ्यांच्या गावाचे. तिथे फेरीवाले येत आणि नव्या लिनोलियमच्या बदल्यात हाताने भरलेले गालिचे घेऊन जात. आपल्याकडे बोहारीण भांडे देऊन जरीचे लुगडे नेते, तसाच हा सौदा! १९२७ पासून लिलियन बर्क या अमेरिकन कलावंत बाईंनी तिथे काम सुरू केले. रंग सौम्य केले, चांगली लोकर वापरायला शिकवली, नवी नक्षी दिली आणि न्यूयॉर्कच्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यांचे गिऱ्हाईक मिळवून दिले. गावात रोख पैसा आला. हे उपकार नाकारता येत नाहीत. पण मोबदला चौरस फुटावर ठरे, आणि दर ठरवणारा हात भरणाऱ्या बाईचा नव्हता. १९३० च्या दशकात दरावरून कुरबुर झाली आणि काही बायकांनी स्वतःच माल विकायला सुरुवात केली. पुढे १९६० च्या दशकात तिथे कारागिरांची सहकारी संस्था उभी राहिली. त्याच परिसरातील एलिझाबेथ लफोर्ट (१९१४–२००५) यांनी लोकरीत माणसांचे चेहरे भरले. त्यांची कामे व्हाइट हाउस, बकिंगहॅम राजवाडा आणि व्हॅटिकनपर्यंत गेली, आणि ती त्यांच्या स्वतःच्या नावाने गेली.

या दोन अनुभवांतला फरक आमच्या मते कारागिरीचा नाही. सुई दोन्हीकडे तितकीच सफाईदार होती. नाव कोणाचे लागते, दर कोण ठरवतो आणि गिऱ्हाईक कोणाच्या ओळखीचे आहे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत तो फरक आहे.

हिशोब मांडून पाहा

आता आपल्या घरी येऊ. समजा, सोळा इंची उशीचा एक अभ्रा भरायचा आहे. लोकर, कापड, पाठीमागचे अस्तर मिळून ४०० रुपये लागले. भरायला आणि शिवायला १२ तास गेले. दुकानदार म्हणाला, ८०० रुपयांवर एक पैसा देणार नाही. हातात राहिले ४०० रुपये, म्हणजे तासाला ३३ रुपये. त्यात वीज नाही, जाण्या-येण्याचे भाडे नाही, न विकलेल्या मालाचा तोटा नाही, दुखणाऱ्या मनगटाचे औषधही नाही. तोच अभ्रा यंत्रावर टफ्टिंग केलेल्या मालाशेजारी मांडला की गिऱ्हाईक विचारते, हा इतका महाग का?

आमच्या भगिनी हा हिशोब सहसा करत नाहीत, कारण घरातल्या बाईचा वेळ मोजायची आपल्याकडे पद्धतच नाही. ‘नाहीतरी रिकामीच बसली असती’ हे वाक्य अनेक घरांत ऐकू येते. या एका वाक्यावर कितीतरी दलालांचे संसार चालले आहेत. जरी आणि आरीच्या धंद्यात हेच झाले. कारागिराच्या हाती नगावर मजुरी आली, नक्षी आणि गिऱ्हाईक दुसऱ्याच्या ताब्यात राहिले, आणि यंत्राचे भरतकाम आले तेव्हा सगळ्यात आधी मार बसला तो नगावर काम करणाऱ्याला. मग पंच नीडलच्या बाबतीत तीच वाट पुन्हा का धरायची?

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, छंद हा छंद म्हणूनही मोलाचा आहे. दिवसभराच्या कामानंतर तासभर सुई चालवून मन शांत होत असेल, मुलीच्या खोलीत आईने भरलेले चित्र लागत असेल, तर त्यातून कमाई झालीच पाहिजे असा हट्ट नको. जगातल्या बहुतेक बायका हे काम आजही हौसेनेच करतात आणि त्यात त्यांचे काही कमी होत नाही.

दुसरी गोष्ट, विकायचेच असेल तर नक्षी स्वतःची असावी. परदेशी चित्राची नक्कल करणारे शेकडो असतात. आपल्याकडे पैठणीचा मोर आहे, जुन्या मशिदी-दर्ग्यांच्या दगडी जाळ्या आहेत, गोधडीचे चौकोन आहेत. जाड लोकरीच्या पंच नीडलला नाजूक रेषा मानवत नाहीत, मोठे भरीव आकार शोभतात. त्यामुळे जाळीची नक्षी तिला चांगली साधेल. मालाच्या पाठीवर करणारीचे नाव शिवावे.

तिसरी गोष्ट, तासाचा दर आधी ठरवावा आणि मग किंमत काढावी, उलट नव्हे. तो दर बाजार देत नसेल तर माल स्वस्त करू नये, वस्तू बदलावी. भिंतीवरचे छोटे चित्र कमी वेळात होते आणि शोभेची वस्तू म्हणून विकले जाते. पायपुसण्याला मात्र यंत्राच्या मालाशी झुंजावे लागते. चांगला हात बसल्यावर शिकवणीतून आणि स्वतःच्या नक्षीचे संच विकण्यातून मालापेक्षा जास्त मिळू शकते. फ्रॉस्टचा धडा आपणही गिरवू शकतो.

चौथी गोष्ट, एकटीने दुकानदाराशी घासाघीस करण्यापेक्षा मोहल्ल्यातल्या दहा जणींनी बचत गट करावा, लोकर एकत्र घ्यावी आणि एकच दर सांगावा. शेटिकँपच्या बायकांना हे उमगायला बरीच वर्षे लागली. आपल्याला त्यांचा अनुभव आयता मिळाला आहे.

आमचा विरोध सुईला नाही, शिकवणाऱ्यांना नाही आणि संच विकणाऱ्यांनाही नाही. आमचे म्हणणे एवढेच की, वर्गाची फी भरण्यापूर्वी प्रत्येकीने वहीच्या एका पानावर माल, वेळ आणि भाव यांचे तीन रकाने पाडावेत. बेरीज जमली तर खुशाल धंदा करावा. नाही जमली तर दोन गुंडे लोकर आणून घरच्यासाठी भरावे. पण फुकटात किंवा जवळजवळ फुकटात दुसऱ्याच्या दुकानासाठी भरू नये.