लेकीला शेतीशाळेत घालताय ना?

दहावीचा निकाल लागला की मुलाला कुठं घालायचं याचा घरात खल होतो. मुलीचं मात्र ‘बघू’! आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात राहुरीला कृषी विद्यापीठ आहे. दहावीनंतरची दोन वर्षांची कृषी पदविका मराठीतून करता येते.

‘खुरपायला काय शिकायचं?’ सासूबाई विचारतील. अहो, खुरपं बाईच्या हातात अन् बियाणं-औषधाचा निर्णय पुरुषांच्या, हेच तर बदलायचंय! हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत लेकीला लेकाइतकाच वाटा दिलाय. वाटा आहे, तर जाणही हवी.

प्रवेशाआधी मान्यता, फी आणि मुलींच्या वसतिगृहाची चौकशी मात्र स्वतः जाऊन करा. येताना लेकीलाही सोबत न्या. शिकायचं तिलाच आहे.